अकरा पोरींची मोजणी

दसऱ्यापर्यंत रिनाचं गणित बरोबर चाललं होतं. सकाळी धावणं, संध्याकाळी कबड्डी आणि मधल्या वेळात दहावीचा अभ्यास, म्हणजे खरं तर शेवटच्या बाकावर बसून घेतलेली डुलकी. तिचा बाप देवराव सरकारी लाकूड डेपोत मजूर होता. सकाळी सहाला तो सायकल काढायचा आणि रिना मागच्या कॅरिअरवर बसायची. त्यांच्या मोहबोडीपासून शाळेचं गाव सहा किलोमीटर, आणि वाट सगळी सागाच्या जंगलातून. डेपो त्या गावाच्या अलीकडच्या टोकाला होता. तिथं उतरून ती मैदानावर जायची.

मैदानाच्या कडेला ज्योत्स्ना मॅडम हातात घड्याळ घेऊन उभ्या असायच्या. मॅडम गणिताच्या, त्याही तासिकेवर नेमलेल्या. धावणं शिकवा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण एकेकाळी त्या विद्यापीठाकडून धावल्या होत्या, आणि ही खाज एकदा लागली की सुटत नाही. वर्गाच्या दारातून रिनाला जिना चढताना बघून त्यांनी तिला उचललं होतं. पोरगी दोन-दोन पायऱ्या घेते आणि वर पोचून श्वास तोंडानं घेत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

संध्याकाळी चार ते पाच कबड्डी. ती गेडाम सरांची. सर शाळेचे खरे क्रीडाशिक्षक, आणि त्यांच्या मते जगात खेळ एकच होता, बाकीची सगळी पळापळ. रिना डावा कोपरा धरायची. तिच्या शेजारी खुशबू, संघाची कप्तान आणि मोहबोडीचीच. दोघी एकमेकींचा हात धरून साखळी करायच्या. चढाई करणारी पोरगी आत आली की हात न बोलता ओढायचा, पुढचं पाय आपोआप करतात. त्या हातावर रिनाचा स्वतःच्या हातापेक्षा जास्त भरवसा होता. संघात बरोबर सात पोरी होत्या. आठवी होती ती वरोऱ्याला मामाकडं शिकायला गेली. सात नसतील तर संघच नाही.

सव्वापाचला मुलींची निळी बस निघायची. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग रुखमाबाई गेली. ती खुशबूची मोठी आई, थोरली काकू. बांधावर गवत कापायला वाकली होती, आणि वाकलेल्या माणसाला वाघ माणूस समजत नाही, असं वनखात्याचे लोक नंतर समजावून सांगत होते, जणू समजल्यानं काही फरक पडणार होता. खुशबूचा बाप लटारू भावजयीचा विळा घेऊन आला आणि तो त्यानं दाराच्या चौकटीत खोचून ठेवला. कुणी काढायला गेलं तर अंगावर धावून यायचा.

वनखात्यानं फर्मान काढलं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कुणी दिसायचं नाही. डेपो नऊला उघडू लागला. बस साडेनऊला पोरींना उचलून दहाला शाळेत सोडू लागली. आणि बसमध्ये मोजणी सुरू झाली. ही रोशनभाऊची, म्हणजे ड्रायव्हरची कल्पना. मोहबोडीच्या अकरा पोरी. प्रत्येकीला नंबर. निघताना तो इंजिन सुरू करायचा, आरशात न बघता "चाला" म्हणायचा, आणि पोरी एकेक करून ओरडायच्या, एक, दोन, तीन. रिनाचा सातवा नंबर, खुशबूचा आठवा. अकरा ऐकू आलं की गिअर पडायचा. जिला बसनं यायचं नसेल तिच्या बापाची सहीची चिठ्ठी लागायची. डेपोच्या फाटकाशी देवराव आणि मोहबोडीचे तीन मजूर उभे असायचे. रोशनभाऊ खिडकीतून "अकरा" म्हणायचा आणि बस पुढं घ्यायचा. मजुरांचं काम पाच-पंचवीसला सुटायचं, मग चौघं सायकली काढून एकत्र निघायचे.

या सगळ्यात शाळेच्या दिवसातला खेळायचा एकच तास उरला, चार ते पाच. आणि तो आता दोघांनाही हवा होता.

"माझी आधीपासूनची वेळ आहे," गेडाम सर म्हणाले.

"आणि माझी वेळ वाघानं नेली," मॅडम म्हणाल्या. "नोव्हेंबरात अहेरीला चाचणी आहे, सर. ही पोरगी निवडली गेली तर क्रीडा वसतिगृहात जाईल."

"आणि त्याच्या दोन दिवस आधी माझा तालुक्याचा सामना आहे मुलचेऱ्याला. त्या सात पोरी कुठं जातील?"

दोघंही खरंच बोलत होते, पंचाईत तीच होती. एक जण खोटा असता तर निकाल सोपा होता. रिनाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी दोनी करतो, सर." दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहायची हौस कुणाला नसते, पण सोळाव्या वर्षी माणसाला खरंच वाटतं की आपले पाय तेवढे लांब आहेत.

ठरलं असं की साडेचारपर्यंत कबड्डी आणि पुढचा अर्धा तास धावणं. अर्ध्या तासात साखळी बसेपर्यंत रिना निघायची, आणि डाव्या कोपऱ्यात भगदाड पडायचं. सर तिथं नववीतली चिमुरडी दिव्यानी उभी करायचे, नुसती जागा भरायला. दिव्यानीचा हात खुशबूच्या हातात घामानं सटकायचा. इकडं रिना मैदानात फेऱ्या घ्यायची ती गुडघे खरचटलेली, मांड्या भरून आलेली. पंधराशे मीटर म्हणजे मैदानाच्या साडेसात फेऱ्या. चाचणीसाठी पाच मिनिटं वीस सेकंदांच्या आत यायला हवं होतं. दसऱ्याआधी ती पाच सव्वीसवर होती. आता पाच तेहतीस, पाच पस्तीस.

"एकदा तरी शांतपणे पूर्ण पंधराशे धाव," मॅडम म्हणायच्या. "अर्धवट पळून मला तुझं काहीच कळत नाही."

मैदानाच्या मधल्या चौकोनातून सर ओरडायचे, "रिना, तुह्यी जागा रिकामी हाये." ते ओरडताना गावचं बोलायचे.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण रिनाच्या आईनं, ललितानं, एकदा भाकरी थापता थापता ऐकवली. रिनाला राग आला. म्हणी ज्यांना सुचतात त्यांना कधीच कुठं जायचं नसतं, असं तिला वाटलं. तिला जायचं होतं. वसतिगृहाच्या मैदानाला चारी बाजूंनी कुंपण असतं आणि तिथं पोरी पहाटे पाचलाही धावतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. राहणं, खाणं, बूट, बारावीपर्यंतची शाळा, हे सगळं होतंच. पण तिच्या डोक्यात बसलं ते पहाटे पाचचं धावणं.

आणि तरी कबड्डी सोडवत नव्हती. रुखमाबाईच्या तेराव्यानंतर खुशबू शाळेत आली तेव्हा एक आठवडा कुणाशी बोलली नव्हती. मैदानावर आली, डाव्या बाजूला उभी राहिली आणि रिनापुढं हात केला. तो हात सोडून कसं जायचं, हे रिनाला कुणी शिकवलं नव्हतं.

सामना शनिवारी, चाचणी सोमवारी. गुरुवारी सर म्हणाले, उद्या शेवटचा सराव, पूर्ण तास, कुणीही मध्ये जायचं नाही. आणि मॅडम म्हणाल्या, उद्या घड्याळ लावून पूर्ण पंधराशे झालं नाही, तर सोमवारी अहेरीला नुसती हवा खायला जाऊ.

रिनानं रात्रभर विचार केला आणि सकाळी बसमध्ये खुशबूला सांगितलं.

"आज पाचनंतर धावतो. बाबासंगं सायकलवर येतो."

"चिठ्ठी?"

"बाबाले इचारलं तं नाई म्हनन. डेपोच्या फाटकावर जाऊन उभी राह्यली का घेऊनच येन नं, सोडून थोडीच येन. तू फक्त माहा नंबर सांगजो."

खुशबू खिडकीबाहेर बघत राहिली. "मोठी आई गेल्यापासून बाबा मोजणीचं रोज इचारते," ती म्हणाली. "रोज. बस आली का पयले तेच."

"एक दिवस, खुशबू."

"सामना जिकून देशीन?"

"देतो."

खुशबूनं मान हलवली. मैत्रीत अशा माना हलतात. त्यांची किंमत नंतर कळते.

शुक्रवारी कबड्डी अशी झाली की सर स्वतःच गप्प बसले. साखळी आठ वेळा लावली, आठही वेळा पकड बसली. पाच वाजले. पोरींनी दप्तरं उचलली. रिना मुतारीमागं उभी राहिली. बसचं इंजिन सुरू झालं. एक, दोन, तीन असे आवाज भिंतीपलीकडून येऊ लागले. सहानंतर जरा बारीक, नाकातला "सात" आला, आणि लगेच खुशबूचा नेहमीचा "आठ". अकरा झाले. गिअर पडला. रिनाला हसू आलं. त्या हसण्याची तिला पुढं फार लाज वाटली.

"तू बसमध्ये नाहीस?" मॅडमनी विचारलं.

"बाबा हायेत डेपोत. त्यायच्या संगं जातो."

डेपो मैदानावरून दिसत होता. मॅडमनी तिकडं पाहिलं, मग घड्याळाकडं पाहिलं, आणि घड्याळ जिंकलं.

मैदान रिकामं होतं. तिला हाक मारणारं कुणी नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्या पाय जड वाटले, तिसरीपासून ते तिचे राहिलेच नाहीत. पाचव्या फेरीला छाती जळायला लागली, पण हे जळणं तिच्या ओळखीचं होतं. शेवटची अर्धी फेरी मॅडम आतल्या बाजूनं साडी खोचून तिच्याबरोबर धावल्या.

"पाच सतरा," मॅडम म्हणाल्या. मग पुन्हा घड्याळ बघितलं. "पाच सतरा, रिना." त्यांनी घड्याळ तिच्या हातात दिलं, तिनं स्वतः बघावं म्हणून. त्या क्षणी रिना सुखी होती. हे सांगायलाच हवं, कारण एवढंच सुख तिच्या वाट्याला आलं.

ती धावतच डेपोवर गेली. फाटकाला कुलूप होतं.

झालं असं होतं. त्या दिवशी लाकडाचा ट्रक आला नाही, म्हणून साहेबानं मजुरांना लवकर सोडलं. देवराव फाटकाशी बसची वाट बघत थांबला होता. रोशनभाऊनं खिडकीतून "अकरा" म्हटलं. पोरगी बसमध्ये आहे म्हटल्यावर थांबायचं कशाला? चौघं बसच्या मागं सायकली दामटत निघून गेले. मोजणीनं आपलं काम चोख केलं होतं.

रिना कुलूप बघत उभी राहिली. सूर्य सागांच्या मागं गेला होता, पण उजेड होता. मागं फिरून मॅडमच्या खोलीवर जाणं हा शहाणपणा होता. पण मग मॅडमना कळणार की बापाला काहीच ठाऊक नव्हतं, आणि सोमवारी काय होणार? बाबा आत्ताच गेले असतील, तिनं मनाशी म्हटलं, सायकलीच तर आहेत, गाठू. धावणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर धावणं हाच उपाय वाटतो.

ती जंगलाच्या रस्त्याला लागली.

वाघाच्या मुलखात धावायचं नाही, हे तिथल्या पोराला दूध सुटायच्या आधी शिकवतात. उभं राहावं, बोलत राहावं, पाठ दाखवू नये. रिनाला ते पाठ होतं. ती धावत होती. दीड-दोन किलोमीटरवर नाल्याची उतरण आहे, तिथं रस्ता मातीचा. मातीत बसच्या चाकांची नक्षी होती. तिच्यावर चार सायकलींच्या रेघा. आणि त्या रेघांवर, नाल्यातून निघून पलीकडच्या झुडपात गेलेले, मोठे गोल पंजे.

ती थांबली. बस गेली, बाबा गेले, आणि त्यानंतर हा गेला. झुडपात काहीच हलत नव्हतं. एक पाखरूही बोलत नव्हतं. तिच्या पायांना पहिल्यांदा काय करावं ते कळेना. अशा वेळी तिला काय आठवावं, तर लटारूच्या चौकटीत खोचलेला तो विळा आठवला. मग ती धावली, आणि पाच सतरा वगैरे काही उरलं नाही. ती नुसती एक भ्यालेली पोर होती, जिला आईकडं जायचं होतं.

वळणावर डब्यांचा आवाज ऐकू आला. तीस-चाळीस माणसं, टेंभे, टॉर्च, डबे बडवत, ओरडत येत होती. पुढं देवराव होता. त्यानं तिला बघितलं. तिला वाटलं, आता मारतील. तो मारायला आलाच नाही. रस्त्यातच मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी माती धरली, जणू कुणी त्याला उचलून नेत होतं. ललिता मागून आली आणि तिनं रिनाचे हात, पाय, पाठ, मान सगळं चाचपून पाहिलं.

लटारू गर्दीतून पुढं आला. त्याच्या हातात तोच विळा होता.

"पोरगी म्हने, सात बी म्याच म्हनलं," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "माह्या घरचं मानूस गेलं, अना माह्याच पोरीनं मोजनीत खोटं सांगतलं. देवराव, तुही पोरगी भेटली. बरं झालं. पन माही आता त्या शाळेत जात नाई."

"लटारूभाऊ, पोरी हायेत," देवराव खाली बसल्या बसल्या म्हणाला.

"पोरी हायेत म्हनूनच."

दुसऱ्या दिवशी सामना होता, पण मोहबोडीतून एकही पोर निघाली नाही. सातातल्या चौघी मोहबोडीच्या. मुलचेऱ्यात समोरच्या संघाला न खेळताच पुढं चाल मिळाली. गेडाम सर एकटे जाऊन तसं लिहून देऊन आले. त्याच दुपारी गावचा अर्ज शाळेत गेला. शाळा सुटताच चारला बस सोडावी, पोरींना खेळासाठी थांबवू नये. खाली बावीस सह्या आणि नऊ अंगठे. हेडमास्तरांनी तो अर्ज असा घेतला, जसा उपाशी माणूस ताट घेतो. मॅडमना लेखी खुलासा मागितला.

रविवारी देवराव अंगणात सायकलला तेल देत होता. ती दारात उभी राहिली.

"उद्या अहेरी," ती म्हणाली. "मॅडम म्हनत होत्या का त्या येतीन घ्यायले. बाबा, मी वेळेत आली होती. पाच सतरा."

देवरावनं चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

"तू चांगली धावतेस, मले ठाऊक हाये," तो म्हणाला. "सकाळी तुले मांगं बसवून नेत होतो ते का उगाच? पन रिना, तुह्यापाई दहा पोरींचा खेळ गेला. खुशबूची शाळा गेली. अना त्यायच्या डोळ्यासमोरून मी तुले अहेरीले धाडू? कोन्या तोंडानं? लटारूच्या दारासमोरूनच जाते नं रस्ता."

तिला भांडायचं होतं. पण बाप खरंच बोलत होता. मागे दोन मास्तर खरं बोलत होते, आता हा. तिला वाटलं, जगात एखादा तरी माणूस खोटं बोलला असता तर आपल्याला राग धरायला जागा मिळाली असती. खोटं होतं ते फक्त तिचं.

ती लटारूच्या घरी गेली. खुशबू अंगणात सुपानं धान वारत होती. गालावर बोटांचे वळ अजून निळे होते.

"मी सांगतो तुह्या बाबाले, माह्यीच चूक होती म्हनून."

"सांगतलं म्या," खुशबू म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "पाच वीसच्या आत आली का?"

"पाच सतरा."

खुशबूनं सूप हलवलं. भुसा उडाला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून दुसऱ्या ढिगाकडं गेली.

सोमवारी व्हरांड्यात मॅडम भेटल्या. त्यांनी अहेरीचं नाव काढलं नाही. "तू म्हणाली होतीस, बाबा डेपोत आहेत," एवढंच म्हणाल्या. रिना म्हणाली, "हो मॅडम." "मी बघून यायला हवं होतं. चार पावलांवर तर होता," त्या म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. त्या वर्षीच्या त्यांच्या तासिका डिसेंबरात संपल्या, पुढं नव्यानं मिळाल्या नाहीत.

चारला घंटा झाली. ऊन अजून मैदानभर होतं. कबड्डीच्या चौकोनाच्या चुन्याच्या रेषा शुक्रवारच्याच होत्या, कोपऱ्यात थोड्या पुसलेल्या. रिना बसमध्ये तिच्या जागेवर बसली. शेजारची जागा रिकामी होती आणि तिथं कुणी बसायला येत नव्हतं. ती मागं सरकून खिडकीला टेकली.

"चाला," रोशनभाऊ म्हणाला. आज तो आरशात बघत होता.

"एक." "दोन." "तीन." पोरी हळू आवाजात म्हणत गेल्या. सहा झाले.

"सात," रिना म्हणाली.

पुढं कुणी बोललं नाही. इंजिन घुमत राहिलं. दिव्यानी मागच्या बाकावरून नऊ म्हणायला तोंड उघडून थांबली आणि रिनाकडं पाहू लागली. सगळ्याच पाहू लागल्या.

"अवं, बोल नं," रोशनभाऊ दिव्यानीला म्हणाला. "आता आठ नंबर तुहा. पुढच्याई एकेक कमी करा."

"आठ," दिव्यानी म्हणाली.

मग नऊ झाले, दहा झाले. रोशनभाऊनं अकराची वाट पाहिली नाही. गिअर पडला आणि बस डेपोच्या दिशेनं निघाली.